आई-बाबा, फोनवर राहिलेलं

कोथरूड, पुणे

ती. आई-बाबा,
सा. न.

लग्न न करता एकटीने आई व्हायचं ठरवलंय, हा विषय फोनवर काढला की आई रडते आणि बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात, म्हणून लिहायला बसले.

आई, तू विचारलंस, लग्नाशिवाय हे चालतं का? चालतं. २०२१ च्या कायद्याने एकट्या बाईलाही आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात सोडण्याचा उपचार, करता येतं; वय २१ च्या पुढे आणि ५० च्या आत हवं. डोनर, म्हणजे शुक्राणू देणारा, नोंदणीकृत बँकेतूनच मिळतो. तो कोण हे मला कळणार नाही. तेव्हा बाबा, ‘ओळखीतला कोण आहे?’ हा संशय सोडा.

बापाचं नाव काय लावणार, हा तुमचा दुसरा प्रश्न. अविवाहित आईने प्रतिज्ञापत्र दिलं की जन्मदाखला द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच सांगितलंय. आणि आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर आईचं नाव वडिलांच्या आधी लागतं.

अर्थात, काउंटरवरच्या लोकांपर्यंत हे पोचलेलं नसतं. पहिल्या दवाखान्यात मी ‘पतीची सही’ हा रकाना रिकामा सोडला, तर तिथल्या बाई म्हणाल्या, “मिस्टरांना घेऊनच या ना.” मी दवाखाना बदलला. आताच्या डॉक्टर स्पष्ट बोलतात: वय ३९, एएमएच (स्त्रीबीजांचा साठा सांगणारं हार्मोन) कमी, वेळ घालवू नका, आणि खात्री मात्र कोणी देऊ शकत नाही.

गंमत सरोगसीची, म्हणजे दुसऱ्या बाईने आपलं मूल पोटात वाढवण्याची, आहे. उद्या माझ्या गर्भाशयाने साथ दिली नाही, तर तो रस्ता मला बंद. ३५ ते ४५ वयाच्या विधवेला किंवा घटस्फोटितेला तो खुला आहे, अविवाहितेला नाही. म्हणजे बाबा, तुम्ही आणलेलं ते नाशिकचं स्थळ मी पत्करून मोडलं असतं, तर माझा हक्क वाढला असता! आई, दिवाळीला तू ज्याला अनारसे बांधून दिलेस, तो माझा मित्र आणि त्याचा जोडीदार तर कायद्याच्या लेखी कुठेच नाहीत. एकट्या पुरुषालाही दोन्ही दारं बंदच.

पण मला जास्त छळते ती मावशींच्या सुनेची गोष्ट. आपल्या स्वयंपाकाच्या मावशी. सून तरुण, नवरा सोबत, कायद्याची काही आडकाठी नाही. आणि एका प्रयत्नाचा खर्च लाखाच्या वर. महात्मा फुले योजनेत हे बसत नाही, विमा तिला नाही. भिशी उचलून, मंगळसूत्र गहाण ठेवून एकदा करून पाहिलं, जमलं नाही. परत करायचं म्हटलं तर गहाण ठेवायला काही उरलेलं नाही. त्यात सासरची माणसं दोष तिलाच देतात, नवऱ्यात काही दोष असेल असं मात्र कोणी म्हणत नाही. मी पीएफमधून पैसे काढू शकते, एवढाच आमच्यातला फरक.

म्हणून बाबा, एफडी मोडू नका. दत्तकासाठीही नाव नोंदवलंय, पण ती रांग लांब आहे.

मला पैसे नकोत, माणूस हवंय. स्त्रीबीज काढताना भूल देतात, त्या दिवशी जवळचं कोणी लागतं. पुढच्या महिन्यात तारीख ठरेल. आई, काकूला सांगायचं नसेल तर डोळे दाखवायला पुण्याला चाललेय म्हण, आणि आदल्या दिवशीच सांगलीहून कोयना पकड. स्टेशनवर मी येते. बाबांनाही यावंसं वाटलं तर दोन तिकिटं काढ.

तुमची,
मनू