काट्याकडे पाठ करून उभं केलंत, त्याबद्दल

सिस्टर,

डिस्चार्जच्या गडबडीत तुमच्याशी दोन शब्दही नीट बोलता आले नाहीत. म्हणून हे पत्र.

लेकीला घेऊन तुमच्या वॉर्डात येण्याआधी आम्ही बऱ्याच डॉक्टरांची दारं वाजवली होती. एकांनी टॉनिक लिहून दिलं. पाळी बंद झाली म्हटल्यावर एक बाई म्हणाल्या, परीक्षेचं टेन्शन असेल. एक महाशय तर लेकीला म्हणाले, "वा, डाएट चांगलंच मनावर घेतलंयस!" तेव्हा तिच्या हातांवर बारीक लव उगवली होती, केस पुंजक्यांनी गळत होते, भर मे महिन्यात ती स्वेटर घालून बसायची. नाडी मोजायचं कुणाला सुचलं नाही. वजन वाढण्याच्या भीतीने खाणंच तोडायचं, या तिच्या आजाराला अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव लंडनच्या डॉ. विल्यम गल यांनी १८७३ साली दिलं. दीडशे वर्षं झाली की हो! नातेवाइकांचं निदान तर ठरलेलंच: दोन थोबाडीत द्या, गप जेवेल.

आणि तुम्ही? पहिल्याच सकाळी ती वजनाला उभी राहीना. घरी उठसूट काट्यावर चढणारी पोर, तिथे थरथरत होती. तुम्ही तिचे खांदे धरून अलगद वळवलंत, काट्याकडे पाठ, खिडकीकडे तोंड. आकडा लिहिलात, केसपेपर पालथा ठेवलात आणि विचारलंत, "हे नेलपॉलिश कुठून आणलंस गं?" आकडा बघून "अरे वा" नाही, "अरेरे" नाही, तुमची भुवईसुद्धा हलली नाही. कितीतरी दिवसांनी कुणीतरी तिच्याकडे बघून तिच्या वजनाबद्दल बोललं नव्हतं. ती हसली. मी बाहेर जिन्यात जाऊन रडून घेतलं.

आजी शिऱ्याचा डबा घेऊन आली, तेव्हा तुम्ही दारातच अडवलंत. उपाशी शरीराला एकदम भरपूर खायला घातलं तर रक्तातलं फॉस्फरस झपाट्याने उतरतं, जिवावर बेतू शकतं, हे तिला कळेल असं सांगितलंत. म्हातारी रुसली नाही, हा चमत्कारच.

आता घरी ताट आम्ही वाढतो आणि ते संपेपर्यंत शेजारी बसतो. डॉक्टरांनी सांगितलंय, सध्या खाण्याचे निर्णय आईबापांचे. ती चिडते, रडते, एक पोळी तासभर पुरवते. जेवताना कॅलरीचं नाव कुणी काढत नाही. वजन थोडं वाढलंय. डोक्यातली भीती अजून तशीच आहे, आणि ती जायला वेळ लागणार हे तुम्ही बजावलं होतंत. काउन्सेलिंग चालूच आहे.

नेलपॉलिशची चौकशी करणं काही तुमच्या ड्यूटीत बसत नसणार. पगार त्याचा मिळत नाही, तरी माणसं असं वागतात, म्हणून आमच्यासारख्यांचं निभावतं.

ओळखीतल्या एका बाईंची मुलगी जेवण झालं की नळ सोडून बाथरूममध्ये बसते. गाल सुजलेत, बोटांच्या सांध्यांवर ओरखडे आहेत; घशात बोटं घालून खाल्लेलं ओकून काढत असावी. त्यांना ओपीडीचा वार सांगितलाय. येतील, तेव्हा जरा बघा.

तुमच्या पेशंटचे बाबा