व्हर्जिनिया सहल : तिकिटं काढण्याआधी वाचा

सभासदांनो, जेम्सटाउन नावाची दोन ठिकाणं जवळजवळ आहेत. 'हिस्टॉरिक जेम्सटाउन' ही इंग्रजांच्या 1607 च्या वसाहतीची मूळ जागा. 'जेम्सटाउन सेटलमेंट' हे संग्रहालय, त्या वसाहतकऱ्यांच्या तीन जहाजांच्या प्रतिकृती तिथे. नकाशात पूर्ण नाव टाका, नाहीतर भलत्याच दारात उतराल. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास मूळ जागी चालतो, पण तिथल्या दुसऱ्या संस्थेचं शुल्क वेगळं पडतं.

पुढे विल्यम्सबर्गमार्गे यॉर्कटाउनला कलोनियल पार्कवेने जा. पार्कवे 23 मैलांचा, त्यावर गॅस स्टेशन नाही, म्हणून टाकी आधीच भरा. लेनचे पट्टे आखलेले नसतात, तेव्हा उजेडातच निघा. काही भाग कामासाठी बंद आहे का, तेही आदल्या दिवशी बघा.

यॉर्कटाउनची रणभूमी चुकवू नका. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात 1781 मध्ये इथे शरण आलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पुढे हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला. टिपूविरुद्धच्या 1792 च्या श्रीरंगपट्टण मोहिमेत मराठा सरदार हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्या बाजूने होते.

मॉन्टिसेलो, म्हणजे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनचं घर, साधारण दोन तासांवर. घराच्या फेरीची वेळ ठरलेली असते, तिकीट आधी काढा.

चालकांनो, ताशी 85 मैलांच्या वर गेलात तर तो या राज्यात फौजदारी गुन्हा ठरतो. रडार डिटेक्टर (पोलिसांचं वेग मोपणारं रडार ओळखणारं यंत्र) घरीच ठेवा, इथे बंदी आहे.