दर पहिल्या भेटीतच सांगावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आयटीआयमधून वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन होऊन बाहेर पडलेली काही मुले आमच्या औसा परिसरात दरवर्षी स्वतःचे दुकान थाटतात. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजार रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. त्यातला मोठा हिस्सा काचेच्या दारावर आणि झगमगत्या पाटीवर खर्च झालेला पाहिला की मला वाईट वाटते. पाणबुडी मोटारी भरून देण्याच्या, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळण्याच्या, कामात मला १८ वर्षे झाली. जळालेली मोटार घेऊन आलेल्या शेतकऱ्याचे लक्ष पाटीकडे नसते. हा माणूस खर्चाचे काय सांगतो, याकडे असते.

सुरुवातीला कोणी दर विचारला की, ‘आधी काम तर होऊ द्या, मग बघू,’ असे मी भिडेपोटी म्हणत असे. मला तो मोठेपणा वाटे, पण ग्राहकाला त्यात लपवाछपवी दिसे आणि हिशेबाच्या वेळी दोघांचेही मन खट्टू होई. आता मोटार उघडून तपासल्यावर ती किती अश्वशक्तीची आहे, तार किती किलो लागेल, बेअरिंग बदलावे लागेल का आणि मजुरी किती, हे मी तिथल्या तिथे लिहून देतो. जळालेली तांब्याची तार त्याच्यासमोर काट्यावर तोलतो आणि तिची किंमत बिलातून वजा करतो. या तोलण्याने जेवढी माणसे जोडली, तेवढी कोणत्याही जाहिरातीने जोडली नसती.

पैशाचे गणित याहून अवघड आहे. मोटारी जळतात त्या रब्बीच्या पाणीपाळ्यांत आणि उन्हाळ्यात पाणी खोल गेल्यावर. बिलाची बाकी मात्र सोयाबीन विकल्यावर मिळते. तार तर रोखीनेच आणावी लागते. म्हणून तारेपुरती उचल घेतल्याशिवाय मी काम हातात घेत नाही. दुकानाचे खाते वेगळे ठेवून घरासाठी दरमहा ठरलेलीच रक्कम काढतो आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांचा घरखर्च उन्हाळ्यातच बाजूला टाकतो.

एका ठेकेदाराने माझे बिल सात महिने थकवले, तेव्हा मला कायदा ठाऊक नव्हता. उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे, २००६ च्या कायद्यानुसार, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात; उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज लागते. ही नोंदणी विनामूल्य आहे, तरीही आमच्याकडची मुले त्यासाठी दलालांना पैसे देतात.

आयटीआयच्या शेवटच्या वर्षात मुलांकडून खऱ्या कामांची अंदाजपत्रके आणि बिले लिहून घ्यावीत, अशी माझी प्राचार्यांना विनंती आहे. त्यासाठी माझी जुनी बिलबुके, बुडालेल्या उधारीच्या पानांसकट, वर्गात आणून दाखवायला मी तयार आहे.

– एक मोटार रिवाइंडिंग व्यावसायिक, औसा (जि. लातूर)