सूचना : मिस्त्रीकाकांची स्मरणसभा

सर्व सभासदांना नमस्कार,

आपले ज्येष्ठ सभासद, महाल भागातले सुतार मिस्त्रीकाका गेले. तेरवी घरच्यांपुरतीच आहे. आपली स्मरणसभा येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता मंडळाच्या सभागृहात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, गल्लीतल्या निम्म्या पोरांपाशी काकांचेच सागवानी नंदी असत. चाकं स्वतः फिरवून पाहिल्याशिवाय ते बैल हातात देत नसत, नातवालाही नाही.

– काकांनी घडवलेला नंदी असेल तर आणा. रंग उडाला असला तरी चालेल, मुद्दाम रंगवू नका.
– हार, शाल नको. काकूंनी बजावून सांगितलंय.
– बोलायचं असल्यास शनिवारपर्यंत सचिवांना कळवा. प्रत्येकी ३ मिनिटं. (लांबण काकांना खपत नसे!)
– रंधा, पटाशा आठवण म्हणून कोणी मागू नयेत. मुलगी त्यावरच काम करते, दुकान सुरू आहे.

– कार्यकारिणी