‘बँक डॉट इन’ झाले, पण झोन फाइल कोणाच्या ताब्यात?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रिझर्व्ह बँकेच्या २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ डोमेनवर जायला सांगितले. ही नावे फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेल्या संस्थेमार्फत आणि फक्त बँकांनाच मिळतात, त्यामुळे बनावट संकेतस्थळे ओळखणे सोपे होते. निर्णय योग्यच आहे. पण नव्या नावावर मुखपृष्ठ दिसू लागले म्हणजे स्थलांतर संपले असे नाही. खरे काम झोन फाइलमध्ये, म्हणजे डोमेनमधल्या नावांच्या नोंदींच्या फाइलमध्ये असते, आणि आपल्याकडच्या पुष्कळ नागरी सहकारी बँकांची ती फाइल बाहेरच्या व्हेंडरकडे असते. बँकेत ती वाचू शकणारा निदान एक माणूस हवा, एवढ्यासाठी हे पत्र.

कोणते नाव कोणत्या आयपी पत्त्यावर जाईल आणि मेल कोणता सर्व्हर घेईल, हे सगळे या साध्या मजकुराच्या फाइलवर ठरते. पूर्ण नाव लिहिले की शेवटी टिंब द्यावेच लागते. ‘मेल.अबक.बँक.इन’ असे टिंबाशिवाय लिहिले तर सर्व्हर त्याला अर्धवट नाव समजतो, पुढे झोनचे नाव जोडतो आणि ‘मेल.अबक.बँक.इन.अबक.बँक.इन’ असा पत्ता तयार होतो. एमएक्स ओळीत, म्हणजे मेल घेणारा सर्व्हर सांगणाऱ्या ओळीत असे झाले तर फाइल तपासणारी ‘नेम्ड-चेकझोन’ ही आज्ञा सहसा पकडते. मात्र ओळीच्या सुरुवातीच्या नावाला टिंब द्यायचे राहिले तर ती बिनतक्रार पुढे जाते. म्हणून बदलानंतर प्रत्येक नाव ‘डिग’ या आज्ञेने सर्व्हरला विचारून पाहणे आलेच.

चूक होण्याची दुसरी जागा एसओए रेकॉर्डमधल्या, म्हणजे झोनच्या मुख्य नोंदीतल्या सिरीयल नंबरची. तो वर्ष, महिना, दिवस आणि त्या दिवसाचा बदल क्रमांक अशा दहा अंकांत लिहिण्याची पद्धत आहे. बदल केला पण नंबर वाढवला नाही, तर प्रायमरी म्हणजे मुख्य सर्व्हरवरून प्रत घेणाऱ्या सेकंडरी सर्व्हरला काही बदलल्याचे कळतच नाही. मग प्रायमरी नवा पत्ता सांगतो, सेकंडरी जुना. काही ग्राहकांचे नेटबँकिंग चालते, काहींचे नाही, आणि शाखेत ‘तुमचा मोबाइल बंद करून चालू करा’ असे उत्तर मिळते. २०२५ ऐवजी चुकून २०५२ टाकले तर पुढचा प्रत्येक योग्य नंबर लहान ठरतो आणि सेकंडरी तो घेत नाही. यावर नेमका उपाय आहे, कारण हे नंबर घड्याळासारखे वर्तुळात मोजले जातात, म्हणून दोन टप्प्यांत पुढे जात मागच्या नंबरवर येता येते. चुकीच्या २०५२१०३१०१ मध्ये २१४७४८३६४७ मिळवून ४१९९५८६७४८ हा नंबर टाकावा, प्रत्येक सेकंडरीने तो घेतल्याची खात्री करावी, मगच २०२५१०३१०१ लिहावे. मधली पायरी घाईत उरकली तर मागे राहिलेला सर्व्हर अडकूनच पडतो.

प्रायमरीचा आयपी बदलून सेकंडरीला न कळवणे तर त्याहून फसवे. एक्स्पायरची, म्हणजे प्रायमरीशी संपर्क नसताना जुनी प्रत वापरण्याची मुदत १२०९६०० सेकंद असेल तर चौदा दिवस सगळे सुरळीत दिसते आणि नंतर सेकंडरी उत्तर देणेच थांबवतो. तोवर बदल कोणी केला होता हेही कोणाला आठवत नाही. सर्व्हर हलवण्याआधी टीटीएल (इतर सर्व्हरनी उत्तर साठवून ठेवण्याची मुदत) ८६४०० वरून ३०० सेकंदांवर आणायची असते, तीही निदान एक पूर्ण दिवस आधी. आदल्या तासाला आणून उपयोग नाही.

होस्टनेममध्ये, म्हणजे यंत्राच्या नावात इंग्रजी अक्षरे, अंक आणि मधला हायफन एवढेच चालते. टिंबांमधला एक भाग ६३ अक्षरांपर्यंत असू शकतो. अंडरस्कोर डीमार्क, डीकिमसारख्या मेलचा खरेपणा तपासण्याच्या रेकॉर्डसाठी ठेवावा, यंत्राच्या नावात नको. यंत्राला ठिकाण, काम आणि क्रमांक सांगणारे नाव द्यावे आणि ग्राहकाला दिसणारे ‘नेटबँकिंग’ हे नाव सीनेमने, म्हणजे टोपणनावाच्या नोंदीने त्याकडे वळवावे. यंत्र बदलले की एकच ओळ बदलते. मात्र मूळ डोमेनवर सीनेम देता येत नाही, कारण तिथे एसओए आणि एनएस (नेमसर्व्हर सांगणाऱ्या) नोंदी आधीच असतात. व्हेंडरचे किंवा सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचे नाव होस्टनेममध्ये घालणे मला धोक्याचे वाटते. ज्या नावाने सुरक्षित जोडणीचे सार्वजनिक टीएलएस प्रमाणपत्र घेतले ते सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सी या प्रमाणपत्रांच्या जाहीर नोंदवह्यांत कोणालाही दिसते. तिथे ‘टेस्ट-सीबीएस’ (कोअर बँकिंगची चाचणी प्रणाली) किंवा ‘जुने-नेटबँकिंग’ दिसले की हल्लेखोराला आयता पत्ता मिळाला.

मेलच्या बाबतीत हलगर्जी जास्त होते. बँकेच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात हे सांगणाऱ्या जुन्या एसपीएफ ओळीशेजारी दुसरी एसपीएफ ओळ टाकली की दोन्ही निकामी होतात. एका नावाला एकच ओळ हवी, आणि तिच्यात डीएनएसला (नावांचे पत्ते सांगणाऱ्या यंत्रणेला) विचारणारे घटक दहाच्या वर नकोत. डीकिमची २०४८ बिटांची चावी २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही, म्हणून ती अवतरणांत दोन तुकडे करून लिहावी लागते. मेल सर्व्हरचे नाव बदलले तर आयपीवरून नाव सांगणारा उलटा पीटीआर रेकॉर्डही बदलायचा असतो, आणि तो बहुधा इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या हातात असतो. तिला कळवले नाही तर बँकेचे मेल ग्राहकाच्या स्पॅममध्ये पडतात.

आता जुन्या डोमेनविषयी. शुल्क वाचवण्यासाठी ते सोडून देणे ही माझ्या मते सर्वांत महागडी काटकसर आहे. ते नाव दुसऱ्याने विकत घेतले की जुन्या पासबुकांवर, पावत्यांवर छापलेल्या पत्त्यावर येणारा प्रत्येक मेल त्याच्याकडे जाईल. एकाच वेळी दहा वर्षांपर्यंतची नोंदणी करता येते, ती करावी. जुन्या पत्त्याचे टीएलएस प्रमाणपत्रही चालू ठेवावे, नाहीतर नव्या पत्त्याकडे वळण्याआधीच ब्राउझर धोक्याची सूचना दाखवतो. जुन्या नावावरचे मेल कायमचे बंद केले की एमएक्समध्ये शून्य आणि नुसते टिंब, एसपीएफमध्ये ‘वजा ऑल’ (कोणालाच परवानगी नाही) आणि डीमार्कमध्ये ‘रिजेक्ट’ लिहावे, म्हणजे त्या नावाने कोणी पत्र धाडले तरी मेल सेवांना ते नाकारता येते.

संचालक मंडळांनी पुढच्या बैठकीत व्हेंडरकडून झोन फाइलची चालू प्रत मागून घ्यावी. रजिस्ट्रारकडचे, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या संस्थेकडचे खाते बँकेच्याच नावावर आहे ना, तेही पाहावे. त्या खात्याला जोडलेला ईमेल मात्र त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेन बंद पडले तर पासवर्ड बदलण्याचा मेलसुद्धा पोहोचणार नाही.

आपला,
डीएनएस व्यवस्थापनात काम करणारा एक वाचक, पुणे