खेड्याच्या आकड्यात न मावणारी माणसे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॅनडाच्या गवताळ मैदानांतील ओस पडत चाललेल्या खेड्यांवरील लेख आपल्या पुरवणीत वाचला. १९३० च्या दशकातील दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी ही खेडी मोडली, असा त्याचा रोख आहे. ते संकट भीषण होते यात शंका नाही; पण सस्कॅचेवान प्रांतापुरते तरी हे कारण अपुरे वाटते.

ही खेडी मुळात आगगाडीने वसवली. १८७२ च्या कायद्याने दहा डॉलर शुल्कात १६० एकर जमीन मिळू लागली आणि पुढे लोहमार्ग पसरले, तसे वसाहतदारांचे लोंढे आले. १९०१ मध्ये जेमतेम ९१ हजार असलेली इथली वस्ती १९११ मध्ये ४ लाख ९२ हजारांवर गेली. ग्रँड ट्रंक पॅसिफिक कंपनीने तर आपल्या मार्गावरील स्थानकांना इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने नावे दिली: इटूना, जॅस्मिन, केलिहर, लीरॉस असे करत थेट झेल्मापर्यंत. गव्हाने भरलेली घोडागाडी घेऊन निघालेल्या शेतकऱ्याला एका दिवसात परतता यावे, या हिशेबाने स्थानके जवळजवळ ठेवलेली असत. प्रत्येक ठिकाणी धान्याचा उंच लाकडी एलिव्हेटर (धान्य साठवून आगगाडीत भरण्याचे कोठार) आणि त्याच्या आधाराने दुकान, टपालघर, शाळा. मालमोटारी व पक्के रस्ते आल्यावर एवढ्या थांब्यांची गरजच उरली नाही. शेते मोठी झाली, शाखामार्ग बंद पडले, आणि १९९५ मध्ये धान्यवाहतुकीचे सरकारी अनुदान संपल्यावर लहान एलिव्हेटर पाडण्याचा वेग आणखी वाढला. भरपूर पाऊस पडलेल्या वर्षांतही खेडी रिकामी होतच राहिली, ती यामुळे.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. खेड्याच्या जनगणनेत फक्त त्याच्या हद्दीत राहणारे मोजले जातात. आपापल्या जमिनीवर घर बांधून राहणारी, पण त्याच खेड्यात धान्य विकणारी आणि टपाल घेणारी कुटुंबे भोवतालच्या शेतीच्या मुलखाचा कारभार पाहणाऱ्या ‘ग्रामीण नगरपालिके’च्या आकड्यात जातात. याच प्रांतातील पुनिची या खेड्याजवळ जॉर्ज गॉर्डन, कावाकाटूस आणि डे स्टार या मूळ रहिवासी समाजांच्या राखीव वस्त्या आहेत; त्यांचीही गणना स्वतंत्र होते. ब्रिटिश राजसत्ता आणि मूळ रहिवासी यांच्यात १८७४ मध्ये झालेल्या, ‘चौथा करार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जमीनविषयक करारानंतर ज्यांना राखीव क्षेत्रांत सीमित केले गेले, त्यांच्या मुलांना घरापासून तोडणारी निवासी शाळा या भागात १९९६ पर्यंत चालू होती. तरीही खेड्याचा इतिहास पहिल्या वसाहतदारापासूनच सुरू झाल्यासारखा लिहिला जातो आणि आपला लेखही त्याला अपवाद नाही, याचे वाईट वाटते.

या विषयावर पुढे लिहिताना खेड्याच्या आकड्यासोबत भोवतालच्या शेतवस्तीचे आणि राखीव क्षेत्रांचे आकडेही द्यावेत, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक