आण्णा, दावं तुम्ही आत्यांच्या हातात दिलंत

ती. आण्णांना सा. न.

तुमच्याकडून घेतलेला मेंढा खुशाल आहे. पहिले तीनेक आठवडे तुम्ही सांगितल्याप्रमाणे त्याला वेगळा ठेवला, आता तो मेंढ्यांत मोकळा असतो. छातीला गोड्या तेलात कालवलेला गेरू लावलाय, म्हणजे तो जिच्यावर चढेल तिच्या पाठीला रंग लागतो. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, सकाळी चहाच्या आधी मेंढरांच्या वाडग्यात जातात, रात्रीत कुणाकुणाच्या पाठीवर तांबडा डाग उमटलाय ते बघतात आणि चुलीपाशी येऊन मला सांगतात. होय, आत्याच जातात. एकट्या जातात, हातात काठी न घेता. त्यासाठीच हे पत्र लिहितेय.

फोनवर हे बोलता आलं नसतं. तुम्ही ‘बरं, बरं’ म्हणून विषय संपवला असता. म्हणून नातवाला मोठ्यानं वाचायला सांगा आणि मेंढरांच्या वाड्यावर बसलेल्या चौघांनाही ऐकू द्या. घरच्या दहा-वीस मेंढ्यांसाठी मेंढा शोधणाऱ्या आमच्यासारख्यांनीही वाचावं, म्हणून उघडंच लिहितेय.

तुमच्याकडं येण्याआधी आमच्या घरी काय झालं ते तुम्हाला अर्धंच ठाऊक आहे. आत्यांनी सांगितलं नाही, आणि तुम्हीही त्यांच्या मनगटाकडं एकदा बघून पुढं विचारलं नाही.

गेल्या वर्षी आम्ही एका व्यापाऱ्याकडून मेंढा घेतला होता. ‘एकदम गरीब आहे, बाटलीवर वाढवलाय, पोरागत मागं मागं येतो,’ असं सांगून त्यानं आमच्यासमोर मेंढ्याचं कपाळ खसाखसा चोळून दाखवलं. मेंढाही डोकं पुढं करून उभा. बघणाऱ्याला वाटावं, किती लाडाचं जनावर! महिनाभर तो घरी तसाच वागला. मग एका संध्याकाळी आत्या गव्हाणीत तुरीचा भुसा टाकायला वाकल्या आणि त्यानं मागून धडक दिली. आत्या गव्हाणीच्या कडेवर आपटल्या, उजवं मनगट मोडलं. उठायला बघतात तर हा चार पावलं मागं सरून, मान खाली घालून पुन्हा तयार. धाकट्या दिरानं खोरं आडवं घातलं म्हणून दुसरी धडक चुकली.

त्या व्यापाऱ्याला फोन केला. पैसे मागायचे नव्हते. जनावर घेऊन जा आणि दुसऱ्या कुणाच्या घरी घालू नका, एवढंच म्हणणं होतं. त्याचं उत्तर अजून माझ्या डोक्यातून जात नाही. ‘मेंढा हाय, मारणारच. बाईमाणसानं वाडग्यात जायचंच कशाला?’

आमच्याकडं मेंढरं बाईमाणसाचीच आहेत, आण्णा. आत्यांना माहेरनं आंदण म्हणून मिळालेल्या दोन मेंढ्यांची ही खांड झाली. पोरांच्या फिया, विहिरीचा गाळ, माझं बाळंतपण, सगळं कोकरं विकून झालंय. लोकरीला आता कुणी विचारत नाही, कातरणीची मजुरीसुद्धा सुटत नाही, तरी आत्या कातरणाच्या दिवशी काळी लोकर वेगळी काढून पोत्यात भरून ठेवतात. अशी बाई प्लास्टर निघाल्यावर वाडग्याच्या दाराशी येऊन थांबायला लागली. चारा बाहेरूनच आत फेकायची. आम्ही कुणी काही बोललो की म्हणायची, ‘आता वय झालं.’ वय नव्हतं झालं, भीती बसली होती. ती आम्हाला दिसत होती आणि काय करावं ते कळत नव्हतं.

पुढं दुसऱ्या एकानं मोबाईलवर फोटो एका मेंढ्याचा पाठवला आणि टेम्पोतून उतरवला भलताच, पुढच्या पायानं लंगडणारा. तो तसाच परत पाठवला, भाडं आमच्या अंगावर पडलं. तिसऱ्याचं सगळं बोलणं नाकावर. 2020 साली आटपाडीकडच्या एका माडग्याळ जातीच्या मेंढ्याला 70 लाखांपर्यंत मागणी आल्याची बातमी पसरली होती. तेव्हापासून मेंढ्याचा विषय निघाला की लोक पोपटासारखं नाक आणि लांब कान यांच्यापुढं जायला तयार नसतात. आम्हाला प्रदर्शनात मिरवायचा मेंढा नको होता. आमच्या दख्खनी मेंढ्या उन्हातान्हात चालतात, कुसळी गवतावर जगतात. त्यांना शोभेल असा आणि घरातल्या माणसांना धोका न देणारा नर हवा होता. हे ऐकून घ्यायला कुणी थांबत नव्हतं.

तुमच्याकडं आलो तर तुम्ही मेंढा आधी दाखवलाच नाही. पहिला प्रश्न केलात, ‘सांभाळणार कोण?’ आमचे हे बोलायला लागले. तुम्ही हात वर करून त्यांना थांबवलंत आणि मागं पदर धरून उभ्या असलेल्या आत्यांकडं बघितलंत. ‘आक्का, तुमी ना? मग तुमी फुडं या. ह्यास्नी काय सांगून उपेग न्हाई.’

त्यानंतर तुम्ही जे बोललात ते सगळं आत्यांशी. खांडीतला तो थोराड शिंगांचा मेंढा आमच्या ह्यांच्या डोळ्यांत भरला होता, हे तुमच्या ध्यानात आलंच. ‘त्यो देत न्हाई. पैसं जास्त येतील, पर त्यो माणसावर चाल करतो. खांडीत ठीक हाय, घरात न्हाई.’ समोर गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं असताना असं म्हणणारा माणूस मी तरी पहिल्यांदा पाहिला.

मग तुम्ही हा आमचा काळा भुंडा बाहेर काढलात. वय कळावं म्हणून ओठ वर करून चार दात दाखवले. खूर उचलून फटीत बोट फिरवलं, घाण वास नाही ना ते आत्यांना हुंगून बघायला लावलं. वृषणं हातात धरून दोन्ही सारखी आहेत, कुठं गाठ नाही, हे आम्हा बायकांना न लाजता, न हसता दाखवलंत. त्याला जंताचं औषध कधी दिलं, पीपीआर या मेंढरांच्या साथीच्या रोगाची लस कधी टोचली, हेही तुम्ही तोंडपाठ सांगितलंत.

आत्यांनी तेवढा एकच प्रश्न विचारला होता. बाटलीवरचा असूनही तो मेंढा असा का निघाला? तुम्ही खाली उकिडवे बसून सांगितलंत. एकटंच बाटलीवर वाढलेलं नर कोकरू माणसालाच आपल्यातला समजतं. मोठं झालं की खांडीतल्या दुसऱ्या नराला द्यावी तशी टक्कर माणसाला देतं. त्यात लहानपणी कपाळ चोळलं, हातानं डोकं ढकलायचा खेळ केला, तर टक्कर द्यायची ती शिकवणीच झाली. आईच्या अंगावर पिऊन, जुन्या मेंढ्यांचा मार खाऊन वाढलेल्या नराला माणूस वेगळा आणि खांड वेगळी हे कळतं. ‘ह्याला खाजवायचं तर गळ्याखाली खाजवा. कपाळाला हात न्हाई. आन् कितीबी गरीब असला तरी नर हाय, त्याला पाठ दिऊ नका. मागं सरला की समजायचं, भ्याला न्हाई, पल्ला घेतोय.’

एवढं सगळं आम्हाला त्या व्यापाऱ्यानं सांगितलं असतं तर! त्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही. आयुष्य जनावरांच्या बाजारात गेलेला माणूस तो.

सौदा झाला. तुम्ही बिरोबाचं नाव घेऊन मेंढ्याच्या पाठीवर भंडारा टाकलात आणि दावं सोडलंत. आमच्या ह्यांनी हात पुढं केला होता. तो हात ओलांडून तुम्ही दावं आत्यांच्या हातात दिलंत, आणि तेही मोडलेल्या उजव्या हातात. आत्यांचा हात थरथरत होता, मी शेजारी होते, मला दिसलं. तुम्ही काही धीराचे शब्द बोलला नाहीत. फक्त आत्यांच्या मागं जाऊन उभे राहिलात. ‘मागं मी हाय. चला.’

वाड्यापासून टेम्पोपर्यंत वाट चिखलाची होती. आत्या पुढं, बाजूनं मेंढा, आणि आत्यांच्या पाठीशी हातभर अंतरावर तुम्ही. ज्या बाजूनं त्यांना धडक बसली होती ती बाजू तुम्ही धरून चालला होता. दाव्याला हात लावला नाहीत. मधे मेंढा गवताला तोंड घालायला थांबला, तेव्हा ‘वढू नका, खाऊ द्या’ एवढंच म्हणालात. टेम्पोपाशी पोचेपर्यंत आत्यांची मूठ सैल झाली होती.

त्या मनगटावर डॉक्टरांनी औषधं दिली, शेकायला सांगितलं, आम्ही घरच्यांनी समजूत काढली, तरी जे झालं नव्हतं ते त्या चिखलाच्या वाटेवर झालं. गाडीत बसल्यावर आत्या रडल्या. आम्ही रडू दिलं.

मी तुम्हाला देव करायला निघालेली नाही. पण एक मनातलं सांगते. सरळ वागणाऱ्या माणसांची गोष्ट कुणी सांगत नाही, फसवणाऱ्यांच्या मात्र पारावर रोज सांगितल्या जातात. त्यानं नव्या पोरांना वाटतं की धंदा म्हणजे हेच. आमच्याकडं बियाणं विकणारा एक जण आहे, उगवण कमी असली तर पिशवी फोडायच्या आधी सांगतो. एसटीचे एक कंडक्टर आहेत, फाट्यावर अंधारात उतरणाऱ्या बाईसाठी समोर घराचा दिवा दिसेपर्यंत गाडी थांबवतात. अशा माणसांवरच आमच्यासारख्यांची घरं उभी आहेत, आणि त्यांना आपण साधं ‘बरं केलंत’ एवढंही म्हणत नाही. मी म्हणतेय. बरं केलंत, आण्णा. फार बरं केलंत.

आणखी एक गोष्ट लिहायची राहिली असती. निघताना आमच्या दिरानं जुळ्या कोकरांचं विचारलं. तुम्ही सरळ सांगितलंत की ह्याच्या आईनं कायम एकेकच कोकरू दिलंय. जुळं पाहिजे असेल तर फलटणला निंबकरांच्या संस्थेत जाऊन नारी सुवर्णा बघा. बंगालच्या बुटक्या गारोळ मेंढीचा जुळं देणारा गुण त्यांनी आपल्या दख्खनीत आणलाय, हेही तुम्हीच सांगितलंत. दीर म्हणाला, ‘मग हा घेऊ नको म्हणता का?’ तर तुम्ही म्हणालात, ‘जुळं पाजायला मेंढीला दूध लागतं, दुधाला चारा. तुमच्याकडं किती हाय ते आक्कास्नी इचार.’ आत्या म्हणाल्या, एकच बरं. दोघांचंही बरोबर होतं. आमच्या माण तालुक्यातल्या कोरड्या रानात एक धडधाकट कोकरू पदरात पडलं तरी पुष्कळ.

बहुतेक मेंढ्या लागल्या आहेत. ज्यांच्या पाठीवर पहिल्या आठवड्यात डाग उमटला त्यांच्यावर सतरा-अठरा दिवसांनी पुन्हा डाग आला नाही, म्हणजे त्या परत माजावर आल्या नाहीत, फळल्या असाव्यात. पाच महिन्यांचा हिशेब धरला तर पौषात कोकरं येतील. दोन वर्षांनी ह्याच्या लेकी ह्याच्यासमोर यायच्या आत मेंढा बदलायचा, हेही ध्यानात आहे. तेव्हा पुन्हा तुमच्याच दारात येऊ. तोवर तब्येत सांभाळा, तुमचा खोकला मला काही बरा वाटला नाही.

दिवाळीनंतर वाडा घेऊन निघाल तेव्हा वाट आमच्या शिवारावरूनच जाते. बाजरी निघालेलं वरचं रान यंदा ज्वारी न पेरता तुमच्यासाठी मोकळं ठेवलंय. तीन-चार रात्री मेंढरं बसवा, रानाला खत होईल. रात्रीमागं धान्य काय चालतं ते आम्ही विचारून ठेवलंय, त्यात नको-नको करू नका. विहिरीला पाणी आहे, कोकरांच्या वाघरीला, म्हणजे जाळीच्या कुंपणाला, सावलीची जागा आहे. निघायच्या आदल्या दिवशी नातवाला मिस्ड कॉल द्यायला सांगा. आत्या म्हणतात, भाकरी त्या स्वतः करणार.

तुमची,
माणमधल्या आक्कांची सून